वेरूळचा गिलावा आणि भांगकाडीच्या भिंती : एका साधर्म्याची चिकित्सा

भांगेच्या काडीची कुट्टी चुन्यात कालवून, ते मिश्रण लाकडी चौकटीत भरून कारखान्यात तयार केलेल्या भिंतफळ्या म्हणजे बांधकाम-व्यवसायाच्या भाषेत ‘हेम्पक्रीटची पॅनेले’ होत. त्यांचा पुरस्कार करणाऱ्या भारतीय लेखनात वेरूळच्या लेण्यांचा उल्लेख आता जवळजवळ मंगलाचरणासारखा येऊ लागला आहे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे अंश सापडले. तो गिलावा दीड हजार वर्षे टिकला. सबब भांग-चुन्याची भिंत ही मूळची आपलीच विद्या असून ती आजच्या घरबांधणीस निर्धोकपणे लागू करता येईल, असा हा युक्तिवाद आहे. त्यातील पहिले विधान संशोधनाने सिद्ध झालेले आहे, दुसरे बव्हंशी मान्य होण्यासारखे आहे, आणि तिसरे पहिल्या दोहोंतून निघत नाही. ते का निघत नाही हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न केवळ तर्कशुद्धतेचा असता तर त्यास एवढी जागा देण्याचे कारण नव्हते. परंतु अशा फळ्यांचे गिऱ्हाईक लेणी पाहावयास येणारा प्रवासी नसून पिंपरीच्या संत तुकाराम नगरासारख्या आखीव कामगार-वसाहतीत राहणारे कुटुंब असणार आहे, आणि भिंत चुकली तर तिच्यातील ओल त्या कुटुंबाला सोसावी लागणार आहे.

प्रथम मूळ संशोधनाविषयी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागातील रसायनशास्त्रज्ञ राजदेव सिंग व डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांचा निबंध २०१६ च्या मार्च महिन्यात ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यातील वनस्पतिज अंश सूक्ष्मदर्शकाखाली व वर्णपटाच्या साहाय्याने तपासून, आणि आजच्या भांगेच्या झाडांच्या नमुन्यांशी ताडून पाहून, ते अंश ‘कॅनाबिस सॅटिव्हा’ याच वनस्पतीचे असल्याचे लेखकांनी दाखविले. एक रसायनाचा अभ्यासक आणि एक वनस्पतींचा अभ्यासक एकाच ढेकळावर वाकून बसले, ही गोष्टच आपल्याकडील पुरातत्त्वीय लेखनात विरळा होय. प्राचीन गिलाव्यांविषयी ‘त्यात भाताचे तूस, गवत व इतर वनस्पती मिसळलेल्या असत’ असे मोघम विधान पिढ्यान्पिढ्या चालत आले होते. ‘इतर’ या शब्दाआड दडलेल्या एका वनस्पतीला या निबंधाने नाव दिले. त्याचे हे मोल कोणत्याही टीकेने कमी होत नाही.

तथापि ओळख पटविणे आणि कारण सिद्ध करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. वेरूळच्या गिलाव्यात कीटकांचा उपद्रव आढळत नाही, अजिंठ्यास मात्र कसरीसारख्या कीटकांनी चित्रांची मोठी हानी केली. वेरूळात भांग आहे, अजिंठ्यात ती नाही. म्हणून भांग हेच संरक्षणाचे कारण, अशी या विषयातील अनुमानाची मांडणी आहे. ही तुलना आकर्षक आहे. पण तुलनेसाठी घेतलेल्या दोन स्थळांत एकच भेद असावा लागतो, आणि अजिंठा व वेरूळ यांच्यात तो एकच नाही. अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या नालाकृती दरीत, कड्याच्या कुशीत आहेत. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख डोंगरउतारावर दूरवर पसरलेली आहेत. दोन्हीकडील ओलावा, वाऱ्याचा शिरकाव, वटवाघळांचा वावर, गिलाव्याची जाडी आणि त्याखालील खडकाची घडण यांत अंतर आहे. शिवाय अजिंठ्याच्या चित्रांवर १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलाविलेल्या लोरेंझो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाने व त्याच्या साहाय्यकाने लाखेचे रोगण चढविले, आणि त्यामुळे चित्रपृष्ठाची स्थिती पालटली. इतकी चले मोकळी असताना सर्व श्रेय एका वनस्पतीच्या पदरी घालणे हे अनुमान नव्हे, ती शक्यता आहे. आणि शक्यता म्हणूनच ती मौल्यवान आहे.

दुसरी एक त्रुटी अधिक सूक्ष्म आहे. आज तपासणीस मिळतो तो गिलावा टिकलेला गिलावा होय. वेरूळात ज्या भिंतींवरील गिलावा गळून पडला, त्याच्या घटकद्रव्यांत भांग होती की नव्हती हे सांगणारा पुरावा त्या गिलाव्याबरोबरच झाडून नेला गेला. जे उरले त्यातील घटकांना उरण्याचे कारण मानणे हा दोष इतिहासलेखनात नित्य दाखविला जातो. उपलब्ध बखरींवरून कोणी साऱ्या बखर-वाङ्मयाचे अनुमान करू लागल्यास मराठीचा कोणताही परीक्षक त्यास थांबवील. गिलाव्याच्या बाबतीत तेवढी सावधगिरी बाळगली जात नाही, एवढेच.

या शोधाच्या वृत्तांतांतून आणखी एक वाक्य फार फिरले. युरोपातील अभ्यासांप्रमाणे भांग-चुन्याची भिंत सहाशे ते आठशे वर्षे टिकते. वेरूळ मात्र दीड हजार वर्षे टिकले, असे ते वाक्य. या भांग-चुन्याचा आधुनिक अवतार फ्रान्समध्ये १९८० नंतरच्या दशकात, जुन्या लाकडी चौकटीच्या घरांच्या दुरुस्तीच्या निमित्ताने झाला. शांपेन प्रदेशातील नोजाँ-स्यूर-सेन येथील एका जुन्या घराच्या चौकटीत ही भरण घातली गेली, तेथून तिचा प्रसार सुरू झाला असे मानतात. म्हणजे जगातील सर्वांत वृद्ध हेम्पक्रीटचे वय अद्याप अर्ध्या शतकाच्याही आत आहे. त्याचे आठशे वर्षांचे आयुष्य हे निरीक्षण नसून भाकीत आहे, आणि भाकिताशी निरीक्षणाची तुलना करून निघालेला निष्कर्ष कोणत्याही कोष्टकात बसत नाही.

मग वेरूळचा गिलावा आणि आजची फळी यांच्यात साम्य तरी किती? वेरूळात भांग मातीच्या लेपात मिसळली आहे. तिचे प्रमाण सुमारे एक-दशांश सांगितले जाते. तो लेप काही अंगुळे जाडीचा असून त्याच्या पाठीशी सह्याद्रीचा अखंड काळा पाषाण उभा आहे. लेपाने स्वतःखेरीज काहीच तोलावयाचे नाही. उलट आजच्या फळीत काडीची कुट्टी हीच आकारमानाने मुख्य द्रव्य असते, चुना तिच्याभोवती पातळ वेष्टनासारखा असतो आणि तुकड्यांच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते. गिलाव्यात वनस्पती मातीला तडे जाऊ नयेत म्हणून बांधून धरते. फळीत चुना वनस्पतीला बांधून धरतो. बांधणारा आणि बांधला जाणारा यांची अदलाबदल झाली की तो पदार्थच निराळा होतो. शिऱ्यात बेदाणा असतो म्हणून बेदाण्याच्या वडीला शिऱ्याची परंपरा सांगता येत नाही.

या घोटाळ्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी एक शब्द आहे. इंग्रजी ‘हेम्प’ हा शब्द व्यापाराच्या भाषेत एका वनस्पतीचे नाव राहिला नाही. दोरखंडास उपयोगी पडणाऱ्या कोणत्याही लांब धाग्यास तो लावला गेला. मराठी शेतकरी ज्यास ताग, सण किंवा कोठे कोठे बोरू म्हणतो आणि हिरवळीच्या खतासाठी जमिनीत गाडतो, ती ‘क्रोटॅलेरिया जुन्सिया’ इंग्रजीत ‘सन हेम्प’ झाली. ज्या अंबाडीची भाजी घरोघरी होते आणि जिच्या वाखाचे दोर वळले जातात, ती ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ ‘डेक्कन हेम्प’ या नावाने निर्यात झाली. तिच्या शास्त्रीय नावातही भांगेची छाया आहे, ती केवळ पानांच्या आकारसाम्यामुळे. बांधावरचे घायपातसुद्धा ‘सिसल हेम्प’ होऊन बसले. ही चार झाडे चार वेगवेगळ्या कुळांतील आहेत. ताग शेंगवर्गीय आहे, अंबाडी कापूस-भेंडीच्या कुळातील आहे, घायपात तर द्विदलही नाही. एकट्या भांगेचे कूळ ‘कॅनाबेसी’. जुन्या गॅझेटियरांतून अगर बांधकामखात्याच्या कागदांतून ‘हेम्प’ एवढाच शब्द उचलून त्याचे ‘भांग’ असे भाषांतर केल्यास महाराष्ट्रात भांग-चुन्याच्या भिंतींची हवी तेवढी परंपरा निर्माण करता येईल. चुन्यात तागाचे तुकडे घालण्याची चाल आपल्याकडील कारागिरांना परिचित होती. तो ताग होता. सिंग-सरदेसाई यांच्या निबंधाचे खरे महत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते: त्यांनी शब्दावर विसंबून न राहता पेशी पाहिली. त्यांचा दाखला देणाऱ्यांनी नेमकी तीच पद्धत सोडून दिली आहे.

पूर्वज शोधावयाचाच असेल तर तो लेण्यांत नव्हे, घरांत शोधावयास हवा. भांग-चुन्याचे मिश्रण भार घेत नाही. त्याची दाब सोसण्याची शक्ती एक मेगापास्कलच्या आतबाहेर, बहुधा आतच असते. साध्या भाजक्या विटेची याच्या कित्येक पट असते. म्हणून भार लाकडाच्या चौकटीने घ्यावयाचा आणि मिश्रणाने केवळ पोकळी भरावयाची, ही या भिंतीची मूळ रचना आहे. चौकट उचलते, भरण झाकते, हे तत्त्व ज्याने पुण्याचा किंवा चिंचवडचा जुना वाडा पाहिला आहे त्यास नवे नाही. वाड्याच्या वरच्या मजल्यांवर सागवानी खांब, तुळया व कडीपाट यांचा सांगाडा आणि त्याच्या खणांत विटांचे अगर मातीचे भरण असते. खण हेच मापाचे एकक. संत तुकाराम नगरापासून फार दूर नसलेल्या चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्याच्या परिसरात ही परंपरा अजून ओळखता येते. याहून जवळचे उदाहरण गरिबाच्या घराचे आहे. मावळ, खेड, आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांत कारवीच्या काठ्या उभ्याआडव्या बांधून, त्यांवर शेणमातीचा लेप देऊन केलेला कूड हा भिंतफळीचाच प्रकार आहे. तो खांबांवर टेकतो, भार घेत नाही. वजनाला हलका असतो. आणि पावसाळ्याने खराब झाला तर तेवढाच सोडवून नवा बांधता येतो. ज्या खेड तालुक्यात चाकणचे कारखाने उभे राहिले त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकास हा कूड होता. त्यास कोणी ‘पूर्वरचित भित्तिका’ म्हटले नाही, हा त्याचा दोष मानता येणार नाही.

कूड दरवर्षी सारवावा लागे. ही गोष्ट क्षुल्लक नाही, आणि तिच्याकडे पुढे परत यावे लागेल.

हलकेपणाचा मुद्दा महाराष्ट्रात केवळ सोयीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या जिल्ह्यांत हजारो माणसे मेली ती मुख्यतः आपल्याच घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती आणि माथ्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेले माळवदाचे मातीचे थर यांनी त्यांचा जीव घेतला. त्या गावांतील लाकडी खणांच्या सांगाड्यास तिरकस आधार नव्हते, भिंतींची सांगाड्याशी जोडणी नव्हती. तरी भार लाकडावर आणि भिंत हलकी अशी रचना असती तर हानीचे स्वरूप वेगळे झाले असते, हे मान्य करण्यास हरकत नसावी. येथे भांगकाडीची फळी खरोखरच काही देऊ करते. नऊ इंची विटेच्या भिंतीचे वजन दर चौरस मीटरला सव्वाचारशे किलोंच्या पुढे जाते. तीस सेंटिमीटर जाडीच्या भांग-चुन्याच्या भरणाचे, घनता दर घनमीटरला ३३० किलो धरल्यास, शंभर किलोंच्या आसपास भरते, आणि लाकूड व दोन्ही अंगांचा चुन्याचा गिलावा मिळवूनही ते दोनशेच्या आत राहते. वेरूळऐवजी किल्लारीचा दाखला या फळ्यांच्या पुरस्कर्त्यांनी दिला असता तर तो अधिक समर्पक ठरला असता. पण किल्लारीत अभिमानाचे काही नाही.

आता फळी कारखान्यातच का करावयाची, याचे उत्तर पाण्यात आहे. भांगेच्या काडीचा लाकडी गाभा आपल्या वजनाच्या तिप्पट-चौपट पाणी शोषतो, आणि चुना मळण्यास लागणारे पाणी वेगळेच. साधारण प्रमाण धरून हिशेब केला तर तीस सेंटिमीटर जाडीच्या भिंतीच्या एका चौरस मीटरात मिश्रण करताना ऐंशी-नव्वद लिटर पाणी जाते आणि त्यातील बहुतेक सर्व पुढे उडून जावे लागते. जागेवर साचा लावून भरलेल्या भिंतीस ते घालविण्यास कित्येक आठवडे, थंड-दमट हवेत महिनेही लागतात. तोपर्यंत गिलावा करता येत नाही, आणि घाईने केला तर ओल आत कोंडते. कारखान्यात फळी आडवी ओतून, वारा खेळता ठेवून, सुकवूनच बाहेर काढली तर ही अडचण टळते. इंग्लंडात रॉटन येथे विज्ञान संग्रहालयाच्या वस्तूंसाठी २०१२ साली बांधलेले कोठार अशा लाकूड-भांग-चुन्याच्या तयार फळ्यांचे आहे. बाहेरची हवा कशीही पालटली तरी आतील आर्द्रता स्थिर राहावी हा तेथील हेतू होता, आणि भांग-चुन्याची भिंत हवेतील बाष्प घेते व सोडते या गुणाचा तेथे उचित उपयोग झाला. भारतात उत्तराखंडातील यमकेश्वर भागात २०२१ साली भांग-चुन्याची इमारत उभी राहिली. ती डोंगरी गावातील, मोजक्या खोल्यांची आहे. आणि ज्या प्रदेशात भांग रानोमाळ उगवते तेथेच ती झाली, हे ध्यानात घ्यावयास हवे.

कारखान्यात भिंती करून घरटंचाई निवारण्याचा प्रयोग या देशात पूर्वी एकदा मोठ्या अपेक्षेने झाला आणि फसला. फाळणीनंतर निर्वासितांची घरे लवकर व्हावीत म्हणून भारत सरकारने १९४८ साली दिल्लीत घरबांधणीचा कारखाना काढला. गृहनिर्माणाचे संचालक ओटो कोएनिग्सबर्गर हे त्याचे प्रवर्तक होते. फेसाळ, हलक्या काँक्रीटच्या मोठ्या फळ्या करावयाच्या, त्या मालमोटारीने नेऊन जागेवर जोडावयाच्या, अशी योजना होती. फळ्यांना तडे गेले, संसदेत टीका झाली आणि १९५१ साली कोएनिग्सबर्गर लंडनला निघून गेले. कारखाना १९५३ मध्ये नव्या कंपनीच्या रूपाने पुढे चालला आणि वेगळ्याच वस्तूंवर तगला. १९७८ पासून तो ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ म्हणून ओळखला गेला. या अपयशाची कथा बहुधा शासकीय अनास्थेची म्हणून सांगितली जाते. तीत दुसराही एक धडा होता, आणि तो प्रवर्तकाने स्वतःच घेतला असावा असे त्याच्या पुढील लेखनावरून दिसते: १९६५ साली रॉबर्ट लिन यांच्यासह त्याने जी पुस्तिका लिहिली ती भिंतींवर नव्हती, उष्ण-दमट प्रदेशांतील छपरांवर होती.

संत तुकाराम नगराचा विचार येथूनच करावयास हवा. पिंपरीचा हा भाग औद्योगिक वाढीबरोबर आकारास आला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे, नगरपालिका १९७० ची आणि महानगरपालिका १९८२ ची. या अवधीत कारखान्यांनी माणसे आणली आणि माणसांसाठी वसाहती आखल्या गेल्या. आज तेथे म्हाडाची वसाहत, यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि २०२२ पासून मेट्रोचे स्थानक आहे. जमीन महाग, घरे लहान, इमारती बहुमजली, बांधकाम सिमेंट-काँक्रीटच्या चौकटीचे, अशी तेथील वस्तुस्थिती आहे. भांगकाडीची फळी येथे लाकडाच्या जोरावर चार-पाच मजले चढणार नाही, निदान आजच्या बांधकाम-नियमांत व सवयींत नाही. ती काँक्रीटच्या चौकटीतील भरण म्हणूनच येईल.

उष्णतारोधनाच्या आकड्यांत ती सर्वांवर मात करते, यात संशय नाही. नऊ इंची विटेच्या भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंश तापमानभेदामागे, सुमारे दोन वॅट उष्णता जाते. पंधरा सेंटिमीटरच्या काँक्रीटच्या भिंतीतून साडेतीनच्या आसपास. तीस सेंटिमीटरच्या भांग-चुन्यातून जेमतेम ०.३. परंतु हे कोष्टक ज्या देशांत तयार झाले तेथे आत शेगडी अगर उष्णयंत्र चालते आणि बाहेर बर्फ असते. आतबाहेरचा फरक महिनोन्महिने एकाच दिशेचा असतो. पुण्या-पिंपरीस एप्रिलात दुपारी ३८ अंश आणि पहाटे २० अंश हवा असते, घराच्या खिडक्या उघड्या असतात आणि यंत्राने थंड केलेले घर कामगार-वसाहतीत अपवादात्मक असते. उघड्या खिडकीच्या शेजारी उत्तम रोधक भिंत उभी करणे म्हणजे गळक्या घागरीस चांदीची चुंबळ देणे होय. अशा घरात ऊन येते ते शेवटच्या मजल्यावर छतातून आणि इतर मजल्यांवर पश्चिमेच्या भिंतीतून व झरोक्यांतून. भांग-चुन्याचा हलका थर छतावर आणि पश्चिम भिंतीस दिला तर त्याचा लाभ निश्चित आहे. चारही बाजूंनी तीच फळी लावण्याचा आग्रह युरोपीय कोष्टकाचा आहे, पिंपरीच्या उन्हाचा नव्हे.

त्या आग्रहाची किंमत कोण देतो? तीस चौरस मीटरांचे घर आणि त्यास बाहेरच्या अंगाची बारा मीटर भिंत असे उदाहरण घ्यावे. पंधरा सेंटिमीटरच्या भिंतीऐवजी तीस सेंटिमीटरची फळी आली, आणि इमारतीची बाहेरची रेषा तीच राहिली, तर आतून १.८ चौरस मीटर जागा जाते. म्हणजे घराचा सुमारे सतरावा भाग. स्वयंपाकाच्या ओट्याला लागते त्याहून ही जागा अधिक आहे. पर्यावरणाचा लाभ सर्वांचा आणि जागेचा तोटा एका कुटुंबाचा, ही वाटणी पुरस्कारपर लेखनात कोठे मांडलेली आढळत नाही. भिंतीत धरून ठेवलेल्या कर्बवायूचे आकडे मात्र दोन-दोन दशांशांपर्यंत दिलेले असतात.

पावसाळ्याचे काय? जुलै-ऑगस्टात या भागात हवेतील सापेक्ष आर्द्रता बराच काळ ऐंशी टक्क्यांच्या वर असते. त्या दिवसांत फळी सुकत नाही आणि चुन्याचे हवेशी होणारे संयोजनही मंदावते. म्हणजे ओतण्याचा हंगाम ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये बाहेर पडणारी फळी फेब्रुवारी-मार्चात ओतलेली असावयास हवी, आणि मालमोटारीवर, जागेवर, जोडाच्या फटीत ती भिजणार नाही याची काळजी घेतलेली असावयास हवी. भिजलेल्या फळीतील लाकडाचे काय होते हे वाड्यांच्या मालकांना विचारावे. चुन्याच्या क्षारगुणामुळे काडीच्या कुट्टीस वाळवी लागत नाही असे सांगितले जाते, आणि ते पटण्यासारखे आहे. पण चौकटीचे लाकूड चुन्यात बुडालेले नसते, ते जोडाशी उघडे असते. कुडाला दरवर्षी सारवण लागे ते याच कारणासाठी. भांग-चुन्याच्या भिंतीसही श्वास घेणारा चुन्याचाच गिलावा लागतो आणि त्याची डागडुजी लागते. सदनिकाधारकांच्या सोसायटीने रंगकामाच्या वेळी वरून स्वस्तातला रासायनिक जलरोधक लेप मारला की भिंतीचा तो गुण तेथेच संपतो. ही शक्यता काल्पनिक नाही. आपल्याकडील जुन्या चुनेगच्ची इमारतींवर सिमेंटचे प्लास्टर चढवून त्यांचे जे केले गेले आहे, त्याची ती पुनरावृत्ती होईल.

राहता राहिला कच्चा माल. चुन्याची अडचण नाही. दख्खनच्या काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांतून पाण्यातही घट्ट होणारा चुना पूर्वापार निघत आला आणि घाणीत मळला जात आला आहे. लाकडाची अडचण दराची आहे. भांगेची अडचण कायद्याची आणि अंतराची. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या चौदाव्या कलमान्वये धागा व बी यांसाठी आणि बागायती कामासाठी भांगेच्या लागवडीस सरकार परवानगी देऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ पासून असे परवाने देण्यास आरंभ केला. गंमत अशी की फळीस लागणारी काडी ही धागाही नव्हे आणि बीही नव्हे. धागा सोलून उरलेला तो गाभा. उत्तराखंडातून पिंपरीपर्यंत ही कुट्टी आणावयाची तर दीड हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास आणि गाडीत बहुतांशी हवाच. तेवढ्या वाहतुकीत किती कर्बवायू सुटतो याचा हिशेब भिंतीत धरलेल्या कर्बवायूच्या शेजारी लिहिला गेला पाहिजे.

म्हणून अंबाडीकडे वळण्याची सूचना पुढे येणे स्वाभाविक आहे. वाख काढल्यावर अंबाडीची जी सणकाडी उरते ती चुलीत जाते अगर बांधावर पडून कुजते. तीच गोष्ट तागाची, तुरीच्या तुऱ्हाट्यांची, कापसाच्या पऱ्हाटीची आणि, वेगळ्या रीतीने, उसाच्या चिपाडांची. यांतील कोणती काडी चुन्याशी नीट बांधली जाते, कोणती त्याच्या घट्ट होण्यास अडथळा करते (चिपाडांतील उरलेली साखर तसे करण्याचा संभव आहे), किती पाणी पिते आणि पिपरी-चिंचवडच्या एका पावसाळ्यानंतर तिच्या फळीचे वजन किती वाढते, हे प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत. प्रयोगशाळेत एक तराजू, एक भट्टी आणि गच्चीवर चार महिने पावसात उभे केलेले मीटरभर फळ्यांचे नमुने एवढी सामग्री त्यास पुरते. त्या नमुन्यांवर चिठ्ठी चिकटविताना मात्र ‘हेम्प’ असे लिहू नये. झाडाचे मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि ते ज्या शेतातून आणले त्या गावाचे नाव लिहावे.